घरातलं दौंड जंक्शन

पुणे ते दौंड हे लोहमार्गाचं अंतर साधारण ७५ किलोमीटर. सगळं ८७ पटींनी लहान केलं तरी ते ८६० मीटरच्या आसपास भरतं. हॉल सोडा, सोसायटीच्या आवारातही ते मावायचं नाही. घरात रेल्वेची प्रतिकृती उभारायला बसलेल्या माणसापुढे म्हणूनच पहिला प्रश्न येतो तो काय ठेवायचं आणि काय गाळायचं हा. जर्मनी, अमेरिका किंवा जपानमधल्या छांदिष्टाला त्याचं निम्मं उत्तर दुकानात मिळतं. त्याच्या देशातली इंजिनं, डबे, स्टेशनं, सिग्नल, झाडं, अगदी फलाटावरची माणसंसुद्धा मापात तयार असतात. आपल्याकडे इंजिनासाठी परदेशाकडे बघावं लागतं आणि उरलेलं सगळं घरीच करावं लागतं.

ही अडचण खरी आहे. पण या छंदात मराठी माणसाला जे स्वतःचं करता येण्यासारखं आहे, तेही या ‘उरलेल्या’तच आहे. शिरूर आणि दौंड हे शेजारचे दोन तालुके घेतले तर ते नीट कळतं. दौंडला तीन दिशांनी रूळ येतात आणि चौथा फाटा बारामतीला जातो. शिरूरला अजून रेल्वेच नाही.

चांदीच्या गाडीपासून कोथरूडपर्यंत

मराठी घराण्यांतलं या छंदाचं सर्वांत झगमगीत उदाहरण ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमध्ये आहे. शिंद्यांच्या मेजवानीच्या टेबलावर रूळ मांडलेले असत आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांपुढे मद्याच्या बाटल्या घेऊन फिरत असे. बाटली उचलली की गाडी थांबायची, जागेवर ठेवली की पुढे निघायची. त्याच संस्थानात माधवराव शिंद्यांनी दोन फुटी रुळांची खरी रेल्वेही धाववली. अर्थात तो राजेशाही थाट होता.

खऱ्या अर्थानं छंदातून उभं राहिलेलं काम पुण्यात कोथरूडला आहे. भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी कित्येक वर्षं त्यांचा रेल्वेचा नाद घरातच वाढत होता. इथला सगळा देखावा एका कंट्रोल पॅनेलवरून चालतो. वाफेची इंजिनं धावतात, सिग्नल बदलतात, वर टांगलेल्या रुळाला लटकून एक गाडी जाते, शेजारी सर्कस आणि पोहण्याचा तलाव आहे, आणि दिवे मंद झाले की शहरावर रात्र उतरते. शाळेच्या सहलीतून इथे येऊन गेलेली पुण्याची पिढी आता चाळिशीकडे झुकली आहे. हॅम्बुर्गचं ‘मिनिएचर वंडरलँड’ हे या प्रकारातलं जगातलं सर्वांत मोठं प्रदर्शन २००१ मध्ये सुरू झालं. कोथरूडचं त्याच्या तीन वर्षं आधीचं.

जोशींनी दाखवून दिलं की वायरिंग, रूळ बदलणारे सांधे, सिग्नल आणि स्वयंचलित नियंत्रण हे सगळं इथे, इथल्या माणसांकडून होऊ शकतं. मात्र त्यांचं शहर कल्पनेतलं आहे. ‘हे आमचं स्टेशन’ असं बघणाऱ्यानं म्हणावं, अशी घरगुती रेल्वे हा त्यापुढचा टप्पा.

मापाचा घोळ

जगात सर्वांत जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे १:८७. त्याखालोखाल एन, म्हणजे १:१६०. एचओच्या दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजचं ते माप. भारताचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. तो ८७ ने भागला तर १९.२६ मिलिमीटर येतात. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय डबा ठेवला की तो किंचित अरुंद पायांवर उभा दिसतो.

यावर तीन वाटा आहेत. पहिली, डोळेझाक करायची. बहुतेक जण हीच धरतात, कारण बाजूनं बघताना फरक जाणवत नाही. दुसरी, गाड्याच १:१०२ च्या आसपास बांधायच्या म्हणजे गेज बरोबर येतो, पण मग बाजारातली एकही मोटार, माणूस की घर मापात बसत नाही. तिसरी, स्वतः रूळ जोडायचे आणि प्रत्येक आस बदलायचा. ती वर्षानुवर्षं वेळ देऊ शकणाऱ्यांसाठी.

गंमत म्हणजे जिथे कोणी अपेक्षा करणार नाही तिथे माप चपखल बसतं. दौंड-बारामती मार्ग १९१४ मध्ये सुरू झाला तेव्हा अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजचा होता. ब्रॉडगेज झाला तो फार नंतर. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६. एन मापाचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे असतात. म्हणजे बारामतीची जुनी छोटी गाडी एचओमध्ये बनवायची तर एनचे रूळ आणि एनच्या इंजिनाचा चालता सांगाडा थेट वापरता येतो. पुढे कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट रेल्वेही याच गेजची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती १८९७ मध्ये सुरू केली आणि नंतर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड हा मार्गही त्याच गेजवर बांधला. तिकडचे छांदिष्ट त्या मार्गाच्या प्रतिकृती आजही बनवतात. बार्शीची गाडी त्यांच्यामुळे आपल्याही टेबलाच्या जवळ आली आहे.

लांबीचा हिशोब जास्त निर्दय आहे. आजच्या गाड्यांचा एलएचबी डबा २३.५४ मीटरचा, एचओमध्ये २७ सेंटीमीटर, एनमध्ये पावणेपंधरा. २२ डब्यांची एक्स्प्रेस एचओमध्ये सहा मीटरची होते. त्यामुळे सात-आठ डब्यांवर समाधान मानायचं आणि फलाटही त्याच प्रमाणात आखूड करायचा, हा सर्वमान्य रिवाज आहे. वळणालाही जागा लागते. सेटबरोबर येणाऱ्या ३७ ते ४४ सेंटीमीटर त्रिज्येच्या वळणावर इतका लांब डबा एक तर रुळावरून उतरतो, नाही तर मधोमध आत घुसून शेजारच्या गाडीला घासतो. ६० सेंटीमीटरच्या खाली जाऊ नये. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीच्या कडेकडेनं दीड फूट रुंदीची फळी फिरवणं हा उपाय मधोमध टेबल ठेवण्यापेक्षा केव्हाही बरा. वळणं मोठी मिळतात आणि माणूस आत उभा राहू शकतो.

इंजिनाचं काय? डब्ल्यूडीएम-२ हे भारताचं सर्वांत ओळखीचं डिझेल मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं. १९६२ पासून ते आपल्याकडे आलं आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. डब्ल्यूडीजी-४ अमेरिकेच्याच ईएमडीच्या आराखड्यावरचं. त्यामुळे अमेरिकन मॉडेलचा सहा आसांचा सांगाडा घ्यायचा आणि वर थ्री-डी प्रिंटरवर छापलेला भारतीय साज चढवायचा, ही युक्ती आता रुळली आहे. आयात मात्र महाग पडते. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. छोट्या मापाची मॉडेलंही त्याच शीर्षकाखाली मोडतात. म्हणून अनुभवी माणूस दोन चांगली इंजिनं घेतो आणि थांबतो. बाकी पैसा रूळ आणि सांध्यांवर घालतो, कारण गाडी पडते ती सांध्यावर.

दौंडच का?

नुसता गोल फिरणारा रूळ घरच्यांना आठ दिवसांत कंटाळवाणा होतो. ज्या स्टेशनात इंजिनाला काम असतं तेच स्टेशन टेबलावर टिकतं, आणि या बाबतीत दौंडसारखी जागा विरळा.

मनमाडहून येणारा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. तो दौंडला अशा बाजूनं मिळतो, की मनमाडहून सोलापूरला जाणारी गाडी सरळ निघून जाते. पुण्याला जाणारीला मात्र तोंड फिरवावं लागतं. गोवा एक्स्प्रेस, झेलम, महाराष्ट्र एक्स्प्रेस यांनी गेलेल्या कोणालाही दौंडचा तो थांबा आठवेल. इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जायचं, जोडणी व्हायची, ब्रेक तपासले जायचे आणि गाडी उलटी निघायची. खिडकीतला माणूस आता पाठमोरा प्रवास करायचा. तेवढ्यात चहा आणि वडापाव होऊन जायचा. आता पुण्याकडचा आणि मनमाडकडचा मार्ग थेट जोडणारी कॉर्ड लाइन झाली आहे. तिच्यावर वेगळं स्टेशन आहे आणि अनेक गाड्या मुख्य स्थानकात न शिरताच निघून जातात. प्रवाशांची सोय झाली. मॉडेलवाल्याला मात्र जुना दौंडच हवा. चार सांधे, एक मोकळा रूळ आणि एक इंजिन एवढ्यात त्याला अर्धा तास पुरेल इतकं शंटिंग मिळतं.

कॉर्ड लाइनसह दौंड उभं केलं तर वेगळीच मेख निघते. पुणे, मनमाड आणि स्टेशन या तीन टोकांचा रुळांचा त्रिकोण तयार होतो. खऱ्या रेल्वेत त्याचं काही वाटत नाही. मॉडेलमध्ये मात्र वीज रुळांतूनच येते; एक रूळ धन, दुसरा ऋण. त्रिकोणातून फिरून आलं की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होतं. कागदावर नकाशा सुरेख दिसतो, पहिल्यांदा वीज दिली की सगळं बंद. उपाय जुनाच: त्रिकोणाची एक बाजू दोन्ही रूळ कापून वेगळी करायची, तो तुकडा सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा ठेवायचा आणि त्याची दिशा बदलणारं बटण बसवायचं. नियंत्रण डिजिटल असेल तर ऑटो-रिव्हर्सर हे काम आपोआप करतो.

डिजिटल, म्हणजे डीसीसी, की साधा १२ व्होल्टचा डीसी? दोन इंजिनं एकाच रुळावर स्वतंत्र चालवायची तर साध्या पद्धतीत रूळ विभागांत कापून प्रत्येकाला बटण द्यावं लागतं. डीसीसीत रुळांत कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातला छोटा डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाचा हुकूम ऐकतो. दौंडसारख्या स्टेशनात, जिथे एक इंजिन गाडीवर आणि दुसरं यार्डात असणार, तिथे डीसीसीचा खर्च वसूल होतो. एका फाट्याच्या छोट्या स्टेशनाला साधा डीसी पुरे.

खडी, चिपाड आणि काहील

देखाव्याच्या कामात मराठी घराला शिकवणीची गरज नाही. दिवाळीचा किल्ला करताना मातीचा उतार कसा बसवायचा, गोणपाटावर चिखल कसा लिंपायचा, अळीव पेरून हिरवळ कधी उगवते, हे पोरांना माहीत असतं. गणपतीच्या सजावटीनं थर्माकोल कापायला शिकवलं. २०१८ च्या बंदीनंतर पुठ्ठा आणि कागदाचा लगदाही शिकवला. फरक फक्त मापाच्या शिस्तीचा. किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच चालतो. इथे साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरच हवा.

खडीपासूनच बघा. रेल्वेची सर्वांत मोठी खडी ६५ मिलिमीटरची. एचओमध्ये पाऊण मिलिमीटर. परदेशी खडीची पुडी करडी-गुलाबी असते. पुणे-दौंड मार्गावरची खडी काळ्या बसाल्टची आहे आणि तो दगड इथल्या कुठल्याही क्रशरवर भुकटीच्या रूपात मिळतो. भुकटी धुवायची, वाळवायची, आधी मैद्याच्या चाळणीतून आणि मग चहाच्या गाळणीतून काढायची. त्यानंतरची पायरी नवशिक्याला ठाऊक नसते: भुकटीवरून लोहचुंबक फिरवायचं. बसाल्टमध्ये लोहखनिजाचे कण असतात. ते राहिले तर इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि काही महिन्यांत मोटार घरघरते. मग खडी रुळांत पसरायची, ब्रशनं सारखी करायची, पाणी फवारायचं आणि पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरनं सोडायचं. साबण नसेल तर गोंद खडीत मुरत नाही, वर गोळा होऊन बसतो.

रूळ घेतानाही डोळे उघडे हवेत. त्यांची उंची ‘कोड’मध्ये सांगतात, कोड म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच. एचओमध्ये जवळपास २ मिलिमीटर. म्हणजे कोड ७५ किंवा ८३ योग्य. सेटबरोबरचा कोड १०० मापाच्या मानानं फार उंच दिसतो. तयार रुळांखालचे स्लीपर तपकिरी लाकडी असतात, आपले सिमेंटचे आणि २.७५ मीटर लांब. करड्या रंगाचा हात दिला की अर्धी परदेशी छटा जाते. रुळांच्या कडांना गंजाचा तांबूस रंग दिला की उरलेली.

विजेच्या तारांचे खांब हाही ओळखीचा भाग. सरळ मार्गावर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर. एचओमध्ये ८३ सेंटीमीटर. दोन मीटरच्या फळीवर तीन खांब पुरतात. पितळी तारेनं ते घरी डाग देऊन करता येतात. वरची तार मात्र बरेच जण गाळतात, कारण पहिल्याच साफसफाईत ती तुटते.

आता खास इथलं काही. यवत-केडगाव भागात रुळांजवळ गुऱ्हाळं दिसतात आणि कुठल्याही परदेशी यादीत गुऱ्हाळ नाही. विटांचं धुराडं कागदी नळीवर छापील विटांनी होतं. अडीच मीटर व्यासाची काहील एचओमध्ये २९ मिलिमीटरची; शीतपेयाच्या काचेच्या बाटलीचं बूच उलटं ठेवलं की तीच काहील. आत पिवळट तपकिरी वॉर्निश ओतलं की उकळता रस. चिपाडाच्या ढिगासाठी सुतळीचे बारीक तुकडे. तीन मीटरचा ऊस ३४ मिलिमीटरचा. तो फूलझाडूच्या काड्यांतून निघतो. बाजारात मिळणारी बिनरंगी प्लॅस्टिकची माणसं कोटपँटात असतात. टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून गुंडाळला की धोतर होतं, नऊवारी होते. पुट्टीचा कण डोक्यावर लावला की फेटा. पाटसकडे ऊस नेणारा ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या फाटकाशी उभ्या केल्या, की फलाटावरची पिवळी पाटी वाचायची गरज राहत नाही.

अमेरिकेच्या जॉन ॲलन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर छांदिष्टांना हेच शिकवलं: नवीकोरी चकचकीत गाडी खोटी वाटते, धुरकट आणि गंजकी खरी. आपल्याकडे धूळ आयती आहे, पण तिला आवर घालावा लागतो. रुळांवर थर बसला की वीज पोचत नाही. आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावाच लागतो. पावसाळ्यात प्लाय फुगतो, मे महिन्यात रूळ लांबतात. म्हणून प्लायला दोन्ही बाजूंनी रंग द्यायचा आणि रुळांच्या जोडात थोडी फट सोडायची.

शिरूरचा वाटा

एकट्यानं हे सगळं करायचं म्हटलं तर रंग येईपर्यंत उत्साह संपतो. म्हणून जगभर मॉड्यूलची पद्धत पडली. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात एन मापासाठी एनट्रॅक सुरू झालं, पुढे फ्री-मो आणि टी-ट्रॅक आले. नियम थोडे असतात. प्रत्येकानं आपल्या घरी एक तुकडा बांधायचा. टोकाला रूळ ठरलेल्या जागी, उंची ठरलेली, वायरचा प्लग सारखा. आत काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. महिन्या-दोन महिन्यांनी सगळे तुकडे एका सभागृहात जोडायचे.

शिरूर आणि दौंड यांच्यात न्हावरे-चौफुला रस्ता आहे. १२० बाय ४५ सेंटीमीटरचा तुकडा बोलेरोच्या मागे आरामात जातो. दोन्हीकडचं भांडवल वेगळं आहे, आणि ते एकमेकांना पूरक आहे. शिरूरजवळ रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. फियाट, एलजी, व्हर्लपूल यांच्या कारखान्यांमुळे तिथे लेसर कटिंग, सीएनसी, सर्किट बोर्ड जोडणं ही कामं येणारे हात भरपूर आहेत. दौंड हे रेल्वेचं गाव. तिथे निवृत्त लोको पायलट, पॉइंट्समन, स्टेशन मास्तर घरोघरी आहेत. यार्डात कुठला सांधा कुठे होता, कुठल्या रुळावर मालगाडी अडकायची, वाफेच्या दिवसांत पाणी कुठे भरत, हे त्यांच्या तोंडून मिळतं. मोजमापासाठी रुळांत उतरायची गरज नाही. तो रेल्वे कायद्यानं गुन्हाच आहे. फलाटावरून फोटो काढायचा आणि चौकटीत येणारा डबा हीच मोजपट्टी धरायची.

रूळ नसलेल्या शिरूरकरासाठी एक मान्य सवलतही आहे. ‘झाली असती तर’ अशी रेल्वे कल्पून बांधणं या छंदात जुनं आहे. दौंड-मनमाड मार्गावरच्या बेलवंडीहून घोड नदी ओलांडून शिरूरला येणारा अडीच फुटी फाटा कधी झाला नाही, पण बारामतीचा झाला होता. त्याच गेजचा, त्याच काळाचा फाटा शिरूरच्या टेबलावर मांडला तर इतिहासाला फारसा धक्का लागत नाही. तो एचओमध्ये एनच्याच रुळांवर चालतो आणि दौंडच्या तुकड्याशी बेलवंडीच्या फलाटावर जोडता येतो.

जोडल्यावर खेळायचं कसं, हेही दौंडकर शिकवू शकतात. एक जण दौंडचा स्टेशन मास्तर, एक बेलवंडीचा, एक गाडी चालवणारा, एक ट्रेन मॅनेजर. २०२२ पर्यंत यालाच गार्ड म्हणत. फोनवरून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायची, प्रायव्हेट नंबर, म्हणजे त्या परवानगीची खूण, द्यायचा-घ्यायचा, वहीत लिहायचा, मगच सिग्नल पाडायचा. घड्याळ चौपट वेगानं चालवलं की वेळापत्रकातला एक तास पंधरा मिनिटांत होतो आणि गोवा एक्स्प्रेस सिग्नलला उभी राहिली की खोलीत खरोखर आरडाओरडा होतो.

कामाचा क्रमही यातूनच ठरतो. पहिला तुकडा दौंडच्या उत्तरेचा भीमेवरचा पूल: एकही सांधा नाही, सरळ रूळ, बघणाऱ्याला लगेच ओळखू येतो आणि सुतारकामाचा हात बसतो. दुसरा दौंडचं स्टेशन, कारण तिथे सगळ्यांना काम मिळतं. बारामतीची छोटी गाडी आणि कल्पित शिरूर फाटा नंतर, त्याला वेगळे रूळ आणि वेगळी इंजिनं लागतात. मात्र छोट्या गाडीची माहिती गोळा करण्याचं काम पुलाच्याही आधी सुरू व्हायला हवं. शिर्सुफळ-कटफळकडे जाणाऱ्या त्या अरुंद मार्गावर काम केलेली माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत, आणि तिच्या डब्यांचा रंग, बाकांची मांडणी, फलाटाची उंची हे तपशील बऱ्याच अंशी त्यांच्या आठवणीत आणि घरच्या अल्बममध्येच आहेत.